परराष्ट्र संबंध आणि डेल्फ्टचा कापडव्यापारी

विज्ञान अकादमींचे परराष्ट्र संबंध म्हणजे शिष्टमंडळांच्या भेटी आणि सामंजस्य करार, सामान्य माणसाशी त्यांचे काही देणेघेणे नसते, असे एक मत आहे आणि ते आजच्या पुष्कळ करारांपुरते मान्य आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञान अकादमीचा आरंभीचा इतिहास मात्र वेगळा आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक विद्यापीठात शिकलेला नव्हता आणि त्याला डचशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. तरीही १६७३ पासून १७२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सोसायटीला पत्रे लिहीत राहिला. पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयीच्या १६७६ च्या पत्रावर सहजासहजी कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने गावातील प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवल्या आणि पुढच्या वर्षी सोसायटीतील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने ते जीव सभासदांना सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष दाखवले. एका पत्रासोबत बुचाचे पातळ काप कागदी पुडीत घालून पाठवलेले होते. ते थेट १९८१ मध्ये सोसायटीच्या दप्तरात सापडले.

परदेशी पत्रव्यवहारासाठी सोसायटीने स्वतंत्र पद निर्माण केले ते १७२३ मध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारचे परराष्ट्रमंत्रिपद अस्तित्वात येण्याच्या जवळजवळ साठ वर्षे आधी. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशीर करसेटजी वाडिया यांचे घ्यावे: माझगावचे आपले घर त्यांनी १८३४ मध्ये गॅसच्या दिव्यांनी उजळले होते आणि १८४१ मध्ये ते सोसायटीचे पहिले भारतीय फेलो (सदस्य) झाले. हेही कोणत्याही करारातून घडलेले नव्हते.