कोल्हापूर: असिस्टेड लिव्हिंग सेंटर बघायला जाताना नेमकं काय विचारायचं?

प्रश्न – उद्यमनगरकर
आईचं वय 78. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन, वॉकर धरून चालते, आंघोळीला आणि रात्री बाथरूमला सोबत लागते. डोकं तल्लख आहे. असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे राहण्या-जेवणासोबत अशा रोजच्या कामांत मदत देणाऱ्या सेंटरमध्ये ठेवायचा विचार आहे. सेंटरवाले बाग, भजन, टीव्हीचा हॉल दाखवतात. त्यापलीकडे काय बघावं?

उत्तर – रात्रपाळी
आधी रात्रीचं विचारा. रात्री किती जणांमागे एक मावशी, ती जागी असते का, की बेल वाजली की उठते? ज्येष्ठ मंडळी रात्री बऱ्याचदा लघवीला उठताना पडतात. झोपेतून एकदम उभं राहिलं की बीपी उतरतं, त्यात अंधार. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवून मगच उभं करायचं, हे मावशींना माहीत आहे का ते त्यांनाच विचारा, ऑफिसात नको. बाथरूममधल्या बेलची दोरी जमिनीपर्यंत हवी. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही. दरवाजा बाहेर उघडणारा हवा, नाहीतर आत पडलेल्या माणसामुळेच तो अडतो. दुसरी भेट न सांगता, रात्री आठच्या सुमारास द्या.

उत्तर – पथ्यपाणी
मिक्स इन्सुलिन साधारण जेवणाच्या अर्धा तास आधी देतात (आईच्या इन्सुलिनचं डॉक्टरांकडून लिहून घ्या). सुई टोचली आणि ताट उशिरा आलं की साखर उतरते. म्हणून इन्सुलिन देणारी सिस्टर आणि स्वयंपाकघर यांचा मेळ कसा घालतात ते विचारा. साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना. हे भिंतीवर लिहिलेलं असावं.

जेवण चाखूनच या. पथ्याच्या नावाखाली अगदी पांचट जेवण देणं मला पटत नाही. आयुष्यभर कांदा-लसूण मसाला खाल्लेल्या माणसाचं अर्धं ताट तसंच राहतं, इन्सुलिन मात्र पूर्ण गेलेलं असतं. मीठ, तेल कमी करा. लसूण, कोथिंबीर, लिंबू राहू द्या.

उत्तर – पंचगंगाघाट
जागा पूररेषेत आहे का बघा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 ला पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला होता, आणि 2019 ला शहराचा पाणीपुरवठासुद्धा. पावसाळ्यात औषधं, इन्सुलिन, पिण्याचं पाणी आणि जनरेटरचं डिझेल किती दिवसांचं ठेवतात? तळमजल्यावरच्या लोकांना वर कसं नेणार?

उद्यमनगरकर
आभारी आहे. करारात काय बघू? आणि पुढे आई अंथरुणाला खिळली तर?

रात्रपाळी
तेच करारात पहिलं शोधा. बरीच सेंटर चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात आणि नंतर घेऊन जा म्हणतात. ठेवणार असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायची नोंदवही दाखवायला सांगा. ते चुकलं की पाठीला जखमा होतात. डायपर, फिजिओ, रुग्णवाहिका महिन्याच्या पैशांत आहेत की वेगळे? आई दवाखान्यात असेल त्या दिवसांचं भाडं, अनामत परत मिळण्याची मुदत, दरवाढ, हे सगळं लेखी घ्या. आणि डोकं तल्लख आहे म्हणता, तर सही करण्याआधी आईंना तिथं दोन-तीन दिवस राहू द्या, मगच ठरवा.