मदत हवी आहे: फ्रान्समधली जुनी भांडी विकायची आहेत
नमस्कार मंडळी. मी लिऑनला राहते. इथल्या व्हिद-ग्रनिएंमधून, म्हणजे गावोगावच्या जुन्या बाजारांतून, एनॅमलचे उतरंडीसारखे लहान होत जाणारे डबे, किटल्या, बिनकानाचे कॉफी बाऊल असं बरंच जमलंय. (मिरीचा सगळ्यात छोटा डबा नेमका गायब असतो!) आता काही विकायचंय. स्वतःच्या वापरलेल्या वस्तू वर्षातून २ वेळा अशा बाजारात विकता येतात, हे ठाऊक आहे. पण विकण्यासाठीच खरेदी केली की तो धंदा ठरतो. मग मिक्रो-आंत्रप्रनर, म्हणजे छोटा स्वतंत्र व्यावसायिक, म्हणून नोंदणी आणि खरेदीची वही आलीच. कुणी ठेवतं का ही वही? बिनपावतीच्या वस्तूची नोंद कशी करता? आणि टवका उडालेल्या डब्याचा गंज घासून काढावा का? मला तसाच बरा वाटतो, गिऱ्हाइकाचं काय?