मदत हवी आहे: ‘व्हेंटिलेटर नको’ म्हणजे नेमके केव्हा नको?
तासगावला राहणाऱ्या आमच्या अण्णांनी, फुप्फुसांचा जुनाट आजार बळावल्यावर, दोन साक्षीदारांसह नोटरीपुढे वैद्यकीय इच्छापत्र (पुढे स्वतः सांगता आले नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणारा कागद) केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली ही प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी झाल्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागले नाही. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत जपलेल्या त्या कागदावर ‘व्हेंटिलेटर नको’ एवढेच आहे. मिरजेचे डॉक्टर मात्र म्हणतात की, पुन्हा संसर्ग झाल्यास चार दिवस व्हेंटिलेटरची नळी लावून ते घरी परतू शकतील आणि इच्छापत्र हे बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेसाठी असते. विषय काढला की अण्णा ‘लिहिलंय ना’ म्हणून भिंतीकडे तोंड फिरवतात. (हा नकार विचारपूर्वक आहे की खर्चाच्या धास्तीने, तेच उमगत नाही.) दडपण न आणता त्यांना हा फरक कसा समजावावा आणि त्यांचे मत कागदात कसे नोंदवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.