जुन्या एक्सपी व्हर्च्युअल मशीनमधल्या फाइल्स होस्ट संगणकावर सुरक्षितपणे कशा आणाव्यात?

जुळारी:

नमस्कार. आमच्या दिवाळी अंकाचे २००२ ते २००९ या काळातले सगळे अंक पेजमेकर ७ या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये जुळवलेले आहेत आणि त्यांचा मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या देवनागरी फॉन्टमध्ये आहे. असा फॉन्ट आणि त्याच्यासोबतचा कळफलकाचा प्रोग्राम हाताशी नसला, तर फाइल उघडूनही पानावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळच दिसते. त्यामुळे विंडोज ११ असलेल्या संगणकावर (म्हणजे होस्टवर) व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात विंडोज एक्सपीचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, तयार केले आहे. जुने सॉफ्टवेअर त्यात उत्तम चालते आणि पाने जशी छापली होती तशीच दिसतात.

अडचण फाइल्सच्या ने-आणीची आहे. होस्टवर एक फोल्डर नेहमीच्या पद्धतीने शेअर केला, पण एक्सपीमधून तो उघडत नाही. नेटवर्क मार्ग सापडला नाही असा संदेश येतो. माउसने फाइल ओढून खिडकीबाहेर सोडण्याचाही उपयोग होत नाही. शोध घेतल्यावर होस्टवर एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल्स शेअर करण्याची जुनी पद्धत) सुरू करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसला. मात्र या संगणकावर कार्यालयाचे हिशेब आणि वर्गणीदारांची यादी असल्यामुळे त्याचे संरक्षण कमी होईल असे काही करण्याची माझी तयारी नाही. एक्सपीला इंटरनेट द्यायचे नाही, हेही ठरलेले आहे. या मर्यादा पाळून दोन्ही दिशांना फाइल्स नेण्याचा भरवशाचा मार्ग कोणता?

सह्यकडा:

तुम्ही नेटवर्कच्या वाटेने जात आहात, पण या कामाला नेटवर्कची गरजच नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेअर्ड फोल्डर्स नावाची सोय आहे. ती होस्ट आणि गेस्ट (आतले व्हर्च्युअल मशीन) यांच्यात थेट दुवा जोडते, त्यामुळे मशीनचे नेटवर्क कार्ड पूर्ण बंद ठेवले तरी ती चालते. फक्त त्यासाठी गेस्टमध्ये गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची पूरक सॉफ्टवेअर, बसवलेली असावी लागतात. ओढून सोडण्याची सोयही याच ॲडिशन्सवर अवलंबून असल्यामुळे ती तुमच्याकडे नसावीत असे वाटते.

मशीन चालू असताना डिव्हाइसेस या मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी प्रतिमा घाला, एक्सपीमध्ये ती सीडी उघडून प्रोग्राम बसवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. त्याआधी एक स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेऊन ठेवावा. व्हर्च्युअलबॉक्सच्या अगदी नव्या आवृत्तीसोबत येणारी ॲडिशन्स एक्सपीवर बसायला नकार देत असतील, तर ५.२ या जुन्या मालिकेतली सीडी प्रतिमा उतरवून तीच ऑप्टिकल ड्राइव्हला जोडा. होस्टवरची आवृत्ती नवी आणि गेस्टमधली ॲडिशन्स जुनी, ही जोडी फाइल्सच्या कामापुरती चालून जाते.

त्यानंतर होस्टवर देवाणघेवाणीसाठी एक स्वतंत्र, रिकामा फोल्डर तयार करून मशीनच्या सेटिंग्जमध्ये तेवढाच जोडा. अख्खा सी ड्राइव्ह किंवा डॉक्युमेंट्स जोडण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या हार्ड डिस्कवरून आलेल्या फाइल्समध्ये एखादा जुना व्हायरस दडलेला असेल तर त्याच्या हाती तेवढेच लागायला हवे. ऑटो-माउंट आणि कायमस्वरूपी हे दोन्ही पर्याय निवडले की एक्सपीमध्ये माय कॉम्प्युटर उघडल्यावर हा फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दिसतो. न दिसल्यास माय नेटवर्क प्लेसेसमध्ये व्हर्च्युअलबॉक्स शेअर्ड फोल्डर्स या नावाखाली तो सापडतो. दिसायला तो नेटवर्कचा भाग असला, तरी प्रत्यक्षात नेटवर्कवर काहीही जात नाही.

एक पथ्य मात्र पाळा. पेजमेकरची फाइल या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून तिथेच उघडू किंवा जतन करू नका. ती आधी एक्सपीच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, काम संपवून बंद करावी आणि मगच परत पाठवावी. या काळातले प्रोग्राम फाइल सतत उघडी ठेवून तिच्यात थोडेथोडे लिहीत राहतात. तसे काम करायला ही वाट केलेली नाही.

पडवी:

माझा अनुभव वेगळा आहे. होस्टच्या विंडोज फीचर्सच्या यादीत जाऊन एसएमबी १ समोर खूण केली, संगणक पुन्हा सुरू केला आणि एक्सपीला होस्ट लगेच दिसू लागला. ॲडिशन्स, सीडी प्रतिमा वगैरे काहीही करावे लागले नाही. मशीनला इंटरनेट दिलेच नसेल तर यात धोका कसला, हे मला कळलेले नाही.

नर्मदातीर:

पडवी यांच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण तो सल्ला आजही जागोजागी दिला जातो आणि वरवर पाहता तो बिनधोक वाटतो.

एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी १ ही एकच बोली येते. एसएमबी २ व्हिस्टासोबत आली आणि एक्सपीला ती कधीच मिळाली नाही. पुढे मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ मधल्या गंभीर त्रुटी बुजवणारे अपडेट दिले, आणि मे २०१७ मध्ये ज्यांनी ते बसवले नव्हते अशा असंख्य संगणकांवर फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला. ब्रिटनमधली सार्वजनिक रुग्णालयेसुद्धा त्यातून सुटली नाहीत. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला असूनही त्या वेळी मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी खास अपडेट काढावे लागले. २०१७ मध्येच आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ ची सर्व्हर बाजू (फाइल्स देणारी बाजू) आपोआप बसवली जात नाही, ती मुद्दाम सुरू करावी लागते. लिनक्सवरच्या सांबा या फाइल शेअरिंगच्या प्रोग्रामनेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ही बोली मुळातून बंद ठेवली आहे. जुळारी यांना आलेला, मार्ग न सापडल्याचा संदेश हा या निर्णयांचा परिणाम आहे. त्यांच्या मांडणीत काही चुकलेले नाही.

आता मूळ मुद्दा. होस्टवर एसएमबी १ ची सर्व्हर बाजू सुरू केली, की ती फक्त त्या एका व्हर्च्युअल मशीनपुरती सुरू होत नाही. फायरवॉलमध्ये वेगळी बंधने घातली नाहीत, तर होस्ट ज्या नेटवर्कवर असेल तिथल्या प्रत्येक यंत्राशी तो त्या जुन्या बोलीत बोलायला तयार होतो. कार्यालयातले वाय-फाय, पाहुण्याचा लॅपटॉप, कुठला तरी जुना प्रिंटर, सगळे त्यात आले. एक्सपीला इंटरनेट नाही म्हणून होस्ट सुरक्षित आहे असा निष्कर्ष निघत नाही, कारण इंटरनेट होस्टला आहेच. जुन्या यंत्राच्या सोयीसाठी नव्या यंत्राला जुने करणे मला कोणत्याही परिस्थितीत पटत नाही, विशेषतः ज्या संगणकात वर्गणीदारांचे पत्ते आहेत तिथे. शेअर्ड फोल्डर्सचा मार्ग उपलब्ध असताना तर त्याची गरजही उरत नाही.

ज्यांचा होस्ट लिनक्स आहे आणि ज्यांना काही कारणाने नेटवर्कच हवे आहे, त्यांनी निदान होस्ट-ओन्ली प्रकारचे (फक्त होस्ट आणि व्हर्च्युअल मशीन यांच्यातले) नेटवर्क वापरून सांबाला फक्त त्या आतल्या पत्त्यावर ऐकायला लावावे. विंडोज होस्टवर इतकी काटेकोर विभागणी सहज साधत नाही.

जुळारी:

सह्यकडा, ५.२ मालिकेतली ॲडिशन्स बसली आणि शेअर्ड फोल्डर दिसू लागला. नेटवर्क कार्ड सेटिंग्जमधून काढून टाकले आहे, तरीही फाइल्स जातात आणि येतात. नर्मदातीर, तुमच्या खुलाशामुळे एसएमबी १ चा विषय माझ्यापुरता मिटला.

आता दुसरी अडचण मांडतो. त्याहून जुने, २००० आणि २००१ चे अंक विंडोज ९८ वर चालणाऱ्या जुळणीच्या प्रोग्राममध्ये आहेत आणि तो प्रोग्राम एक्सपीवर चालत नाही. विंडोज ९८ चे मशीनही उभे केले आहे, पण त्याच्यासाठी गेस्ट ॲडिशन्स मिळत नाहीत. तिथे काय करावे?

सह्यकडा:

विंडोज ९८ साठी ॲडिशन्स कधी निघालीच नाहीत, त्यामुळे शेअर्ड फोल्डर्सची वाट तिथे बंद आहे. फाइल्स फक्त आत न्यायच्या असतील तर होस्टवर त्या फोल्डरची आयएसओ प्रतिमा (एकाच फाइलमधली सीडी) करून ती मशीनच्या सीडी ड्राइव्हला जोडणे पुरते. बाहेर आणण्यासाठी मात्र ही युक्ती कामाची नाही. तुम्हाला दोन्ही दिशा हव्या आहेत, म्हणून मी दुसऱ्या, छोट्या व्हर्च्युअल डिस्कचा मार्ग सुचवतो. आलटूनपालटून एकदा गेस्टला आणि एकदा होस्टला जोडायची, अशी ही डिस्क असते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवी डिस्क तयार करताना प्रकार व्हीएचडी निवडा, आकार स्थिर ठेवा आणि क्षमता दोन जीबीच्या आत असू द्या. जुन्या अंकांना एवढी जागा मुबलक आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या व्हीडीआय प्रकाराऐवजी व्हीएचडी निवडण्याचे कारण असे की विंडोज ७ पासून पुढच्या विंडोजला ती स्वतःच जोडता येते, वेगळा प्रोग्राम लागत नाही. ही डिस्क विंडोज ९८ च्या मशीनला आयडीई कंट्रोलरवर जोडा आणि तिचे विभाजन (एफडिस्क या प्रोग्रामने) आणि त्यानंतर फॉरमॅट, दोन्ही विंडोज ९८ मध्येच करा. जुन्याने आखलेली डिस्क नव्याला वाचता येते. नव्याने आखलेली जुन्याला रुचेलच असे नाही. एफडिस्क चालवताना मात्र आधी दुसरी डिस्क निवडली आहे याची दोनदा खात्री करा, कारण पहिल्या डिस्कवर तुमचे सगळे मशीन आहे.

गेस्टमध्ये फाइल्स या डिस्कवर उतरवल्या की मशीन रीतसर शट डाउन करा. त्यानंतर होस्टवर डिस्क मॅनेजमेंट उघडून ॲक्शन मेनूतून ती व्हीएचडी जोडली, की तिला ड्राइव्हचे अक्षर मिळते आणि ती पेन ड्राइव्हसारखी उघडते. काम झाल्यावर तिथूनच ती विलग करायची आणि मगच मशीन सुरू करायचे.

यात दोन ठिकाणी माणूस हमखास अडकतो. पहिले ठिकाण म्हणजे मशीन बंद करताना निवडायचा पर्याय. सेव्ह स्टेट निवडले तर मशीन बंद झाल्यासारखे दिसते, पण ते खरोखर बंद नसते. त्याच्या गोठवलेल्या मेमरीत त्या डिस्कची जुनी अनुक्रमणिका तशीच राहते, आणि मधल्या काळात होस्टवरून तुम्ही त्या डिस्कवर काही लिहिले तर मशीन जागे झाल्यावर ती जुनी अनुक्रमणिका वर लिहून फाइल्सचा चुराडा होऊ शकतो. म्हणून दर वेळी पूर्ण शट डाउनच करावे. दुसरे ठिकाण स्नॅपशॉटचे. मशीनचा स्नॅपशॉट घेतला की पुढचे सगळे लिखाण मूळ व्हीएचडीत न जाता वेगळ्या फरक-फाइलमध्ये जाते, आणि होस्टवर मूळ व्हीएचडी उघडल्यावर नव्या फाइल्स दिसतच नाहीत. त्या हरवल्या असे वाटून पुष्कळ जण घाबरतात. यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया व्यवस्थापकात या एका डिस्कचा प्रकार आधीच राइटथ्रू असा ठेवणे. मग स्नॅपशॉट तिला स्पर्श करत नाही.

कधी विंडोज ९८ चे मशीन सुरूच होईना झाले, तर सेव्हन-झिप या प्रोग्रामने मूळ व्हीडीआयसुद्धा होस्टवर थेट उघडून आतल्या फाइल्स काढता येतात. अर्थात स्नॅपशॉटची अडचण तिथेही लागू आहे.

मुद्रांगण:

छपाईच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण फाइल होस्टवर पोचली म्हणजे अंक पोचला असे होत नाही.

पेजमेकरची फाइल एकटी नेली तर चित्रे मागे राहण्याची शक्यता असते, कारण मोठी चित्रे फाइलमध्ये न ठेवता नुसती जोडलेली असतात. सेव्ह ॲज करताना खाली कॉपी या शीर्षकाखाली सर्व जोडलेल्या फाइल्स असा पर्याय आहे. तो निवडून प्रत्येक अंक स्वतंत्र फोल्डरमध्ये जतन करा आणि तो फोल्डर एकसंध हलवा. फाइल्सची आणि फोल्डर्सची नावे शक्यतो रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवावीत. होस्टवर हौसेने देवनागरी नाव दिले तर विंडोज ९८ ला ते वाचता येत नाही, आणि एक्सपीला दिसले तरी पेजमेकरसारख्या युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामला ती फाइल उघडता येत नाही.

फॉन्टच्या फाइल्सही त्याच फेरीत बाहेर काढून ठेवा. टाइप १ प्रकारचा फॉन्ट असेल तर त्याच्या पीएफबी आणि पीएफएम अशा दोन फाइल्स असतात. दोन्ही सोबत असू द्या.

शिवाय प्रत्येक अंकाची पाने जशी छापली गेली तशी पाहता यावीत यासाठी गेस्टमध्ये पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर बसवून, कागदाऐवजी फाइलमध्ये छापण्याचा पर्याय निवडा आणि फॉन्ट त्या फाइलमध्ये समाविष्ट होतील असे पाहा. तयार झालेली पीएस फाइल याच डिस्कवरून होस्टवर आणून घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने तिची पीडीएफ करता येते. पीडीएफ करण्याचे जड काम होस्टवर होते आणि जुन्या मशीनमध्ये जास्तीचे काहीही बसवावे लागत नाही. या पीडीएफमधला मजकूर शोधता येणार नाही, कारण आतली अक्षरे जुन्या सांकेतिक मांडणीतलीच राहतात. युनिकोड रूपांतर हे वेगळे काम आहे. परंतु रूपांतर करताना मूळ पान कसे होते हे ताडून पाहायला ही पीडीएफ लागतेच, म्हणून ती आधी करून ठेवावी.

जुळारी:

आपल्या सर्वांचा आभारी आहे. विंडोज ९८ मध्ये दीड जीबीची व्हीएचडी आखून घेतली, तिचा प्रकार राइटथ्रू केला आणि २००० चा अंक चित्रांसह होस्टवर आला. जाहिरातींच्या पानांवरची दोन चित्रे मात्र जुन्या सीडीवरून जोडलेली निघाली. ती सीडी कार्यालयातल्या कपाटात आहे, तिची आयएसओ करून आता मशीनला जोडतो आणि मग २००१ चा अंक हाती घेतो.