पाढे, मॉनिटर आणि पावकी
कोणीतरी म्हटलंय की शाळेत मॉनिटरने पाढे म्हणवून घेणं बंद झालं म्हणून पोरांचं गणित कच्चं राहिलं, हे काय पटत नाही बुवा. आमचा मॉनिटर पुढे उभा राहून 'बे एके बे' सुरू करायचा आणि मागच्या बाकावरचे नुसते ओठ हलवायचे. आणि पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, गेली ती काय मास्तरांच्या आळसामुळे नाही, रुपयाचे 16 आणे, 64 पैसे होते तोवर बाजारात रोज लागायची, 1957 ला 100 नवे पैसे आले मग कोण कशाला अडीचकी घोकेल? आता काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून बांधून हातचा शिकवतात ते मला बरंच वाटतं. वीसपर्यंत पाढे मात्र पाठ हवेतच. फक्त मॉनिटर दर आठवड्याला बदला, कायम तेच एक हुशार पोरगं कशाला?