गॅस महागला तर चूल, इंडक्शन की आणखी काही?

तापीकाठ:
टाकीचा भाव वाढला की खेड्यात चुलीत पुन्हा पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाते. त्यापेक्षा दुसरी शेगडी इंडक्शनची ठेवावी. १४.२ किलोच्या टाकीएवढा स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १४० युनिट लागतात. टाकीच्या भावाला १४० ने भागा. टाकी ९०० ची असेल तर सगळे आकार धरून युनिट ६ रुपये ४० पैशांच्या आत पडायला हवं.

पारोळेकर:
भाऊ, तिथंच घोडं पेंड खातं. टाकी दोन महिने पुरते असं धरलं, तरी महिन्याला ७० युनिट वाढतात. घरात आधीच ९० जळत असतील तर त्यातली ६० युनिट वीजबिलाच्या १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात जातात, आणि तिथला दर जवळपास दुप्पट. वर २००० वॅटची शेगडी ९ अँपिअर ओढते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावली की सॉकेट वितळतं. १६ अँपिअरचा पॉइंट, जाड वायर, अर्थिंग हा खर्च वेगळाच. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर फुगवायला तर ज्वाळच लागते. शेतात पऱ्हाटी फुकट पडलेली असताना हे कशाला?

यावलची शेती:
फुकट अजिबात नाही दादा! साध्या चुलीत जळणाची फार तर १०-१५ टक्के उष्णता भांड्याला लागते. एका टाकीचं काम करायला दोन-अडीच क्विंटल जळण लागेल, आणि धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत. त्याहून मोठं नुकसान शेताचं. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते. बांधावर गंजी पावसाळ्यापर्यंत राहिली की पतंग निघून नव्या कपाशीवर जातात. त्या अळीवरची फवारणी जळणाच्याच खर्चात धरा. फरदड न घेता, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढे न लांबवता, पऱ्हाटी श्रेडर यंत्राने बारीक करून शेतातच कुजवा. भरताची वांगी भाजायला चार काड्या ठेवा, पण बोंडं झाडून.

भुसावळकर:
पर्यावरणासाठी इंडक्शन, हे मला पटत नाही. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र समोरच आहे. युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर १४० युनिटांचा ९८ किलो होतो. टाकी जाळून निघतो ४२-४३ किलो. आज गॅसच कमी घाण करतो. डाळ भिजवून कुकरला लावा, उकळी आली की आच कमी करा, बर्नरची भोकं साफ ठेवा. ज्वाळ पिवळी दिसली की गॅस वाया जातोय आणि भांडी काळी पडताहेत.

तापीकाठ:
आकडा मान्य, पण तो छतावर सौर पॅनेल नसलेल्या घराचा. १ किलोवॅटचं पॅनेल महिन्याला १२० च्या आसपास युनिट देतं, म्हणजे शेगडीचे ७० त्यात सहज बसतात. नेट मीटर (दिवसा ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा करणारं मीटर) असल्यानं स्वयंपाक रात्री केला तरी वजावट मिळते. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान आहे. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर तापून उत्पादन १२-१५ टक्के घटतं, म्हणून खाली हवा खेळायला जागा सोडा. धूळ पहाटे धुवा. भर उन्हात गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

पारोळेकर:
स्वतःचं धाब्याचं (सपाट छताचं) घर असेल त्याला हे जमेल. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला छतही नाही नि नेट मीटरही नाही. त्याच्यासाठी टाकीवरची सवलतच वाढवायला हवी, नाहीतर तो चुलीकडेच वळणार.