रोटरीच्या भोजनसभेत नवी मुंबईच्या उभारणीविषयी २५ मिनिटांत काय सांगावे?

प्रश्न : निवृत्त स्थापत्य अभियंता, पनवेल

सप्रेम नमस्कार. पेण परिसरातील एका रोटरी क्लबाने पुढील महिन्यातील दुपारच्या भोजनसभेत ‘नियोजित शहर कसे उभे राहते’ या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले आहे. भाषणाला २५ मिनिटे आहेत आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे होतील. नवी मुंबईत खाडीकाठच्या निचऱ्याच्या कामांवर मी बरीच वर्षे घालवली असल्यामुळे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

मी केलेल्या टिपणाची सुरुवात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडलेल्या कल्पनेपासून होते. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली आहे, तेव्हा खाडीपलीकडे तिला जोड देणारे शहर वसवावे, अशी ती कल्पना होती. त्यानंतर मार्च १९७० मधील सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाची स्थापना, ९५ गावांचे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, २० लाख वस्तीचे उद्दिष्ट, एकेका नोडची म्हणजे उपशहराची आखणी, खाडीपूल, रेल्वे आणि बाजारपेठांचे स्थलांतर असा क्रम आहे. हे सगळे घाईघाईने वाचून दाखवले तर ऐकणाऱ्यांच्या हाती काहीच लागणार नाही, याची मला जाणीव आहे.

शिवाय ही सभा पेणमध्ये आहे. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावे अधिसूचित झाली आहेत, त्यामुळे समोर बसलेल्यांपैकी काहींच्या सातबाऱ्याचाच हा विषय असणार. अशा श्रोत्यांपुढे कशावर भर द्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : क्लबाच्या कार्यक्रम समितीवर काम केलेला सदस्य, नाशिक

भोजनसभेचे गणित आधी लक्षात घ्या. लोक आपापली दुकाने आणि दवाखाने मध्येच सोडून आलेले असतात, जेवण आटोपता आटोपता भाषण सुरू होते आणि ठरलेल्या वेळी सभा संपते. आपल्याला मिळालेल्या २५ मिनिटांतली चार-पाच परिचयात आणि सत्कारात सहज जातात. म्हणून नकाशा एकच ठेवावा आणि आपण स्वतः हाताळलेली एक गोष्ट नीट सांगावी. सनावळी छापील कागदावर वाटता येते. आपण खाडीकाठच्या कामाचा उल्लेख केला आहे, तर सुरुवात तिथूनच का करू नये?

उत्तर २ : नगररचनेचा अध्यापक, पुणे

वरील सूचनेशी मी सहमत आहे, मात्र निचऱ्याची गोष्ट पैशाच्या गोष्टीला जोडलेली असावी. श्रोत्यांत व्यापारी असणार, आणि या शहराचे भांडवल कुठून आले हे त्यांना लगेच समजेल. जमीन संपादित करायची, तिच्यावर रस्ते, पाणी आणि गटारे करायची, विकसित भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचा नोड उभा करायचा, हे या शहराचे मूळ सूत्र आहे. रेल्वेच्या बाबतीत तर सिडकोने खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला आणि भारतीय रेल्वेने ३३ टक्के. तरीही वाशीला पहिली लोकल १९९२ साली पोहोचली, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. शहराची वाढ इतकी वर्षे मंदावली, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

दुसरे कारण राजकीय निर्णयाचे आहे. राज्यकारभाराचे केंद्र खाडीपलीकडे नेण्याचा विचार मूळ कल्पनेत होता. प्रत्यक्षात मंत्रालय जागचे हलले नाही आणि नरिमन पॉइंटवर भराव घालून इमारती उभ्या राहत गेल्या. नवे शहर उभारताना जुन्या शहरात काय थांबवायचे, हेही ठरवावे लागते, आणि ते इथे ठरले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३ : उरण तालुक्यातील रहिवासी

अध्यापकांनी सांगितलेले सूत्र बरोबर आहे, परंतु त्यातला ‘जमीन संपादित करायची’ हा पहिला शब्दप्रयोग फार लवकर मागे टाकला गेला. त्या एका ओळीत भाताची शेते, मिठागरे आणि मासेमारीवर जगणारी आगरी-कोळी गावे आहेत. आमच्या घरी भाताची कणगी अजून ओटीच्या कोपऱ्यात उभी आहे. तिच्या आत हात घातला की जुन्या तुसाची धूळ अजूनही बोटांना लागते. शेत गेल्यापासून ती भरलेली नाही.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरातील शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. त्याचा हिशेबही आपण सभेत मांडावा. ४० गुंठे दिले तर साडेबारा टक्क्यांनी ५ गुंठे होतात. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के वजा झाले की हाती साडेतीन गुंठे येतात. पेणच्या शेतकऱ्याला नकाशापेक्षा हा हिशेब आधी कळायला हवा, म्हणजे उद्या तो वाटाघाटीला बसताना रिकाम्या हाताने बसणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आता मी भाषण धारण तलावापासून सुरू करीन. वाशी-बेलापूरकडील बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून भरतीच्या वेळी समुद्राकडच्या झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठत राहते आणि ओहोटी लागली की बाहेर पडते. जुलैमधल्या किती तरी रात्री मी बॅटरी घेऊन बांधावर उभा राहिलो आहे. पाणी फिरले की आधी झडपेच्या कडेने एक बारीक धार सुटते, आणि ती दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. ही जमीन शहराला किती कष्टाने राखावी लागते, हे त्यावरून सांगता येईल, आणि तिथून ती कुणाची होती याकडे वळणे मला सोपे जाईल. रेल्वे आणि मंत्रालय यांना प्रत्येकी दोन मिनिटे पुरतील. कोरियांनी बेलापूरला आखलेली आर्टिस्ट्स व्हिलेजची वसाहत माझ्या आवडीची असूनही मी वगळतो आहे.

साडेतीन गुंठ्यांचा हिशेब मी मोठ्या अक्षरांत फलकावर लिहीन. उरणकरांना एक विनंती आहे. उरण पेणपासून फार लांब नाही. आपण येणार असाल तर १९८४ विषयी आपणच बोलावे, मी माझ्या वेळेतील दहा मिनिटे आपल्याला देण्याविषयी क्लबाच्या अध्यक्षांशी आजच बोलतो.